हार नाकारणारी सम्राज्ञी



२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात भरदिवसा चोरी झाली, ती बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. १९ तारीख, रविवारची सकाळ. चोरटे अवघ्या काही मिनिटांत जुन्या राजघराण्यांचे दागिने घेऊन पसार झाले. त्यांत युजेनी नावाच्या सम्राज्ञीचे मोत्याहिऱ्यांचे शिरोभूषण आणि छातीवर लावायचे ब्रूच होते. तिचा हिरेपाचूंचा मुकुट मात्र पळताना त्यांच्या हातून पडला आणि मोडक्या स्थितीत सापडला. चार बायका एकत्र बसल्या की अशा बातमीवर बोलणे होतेच. आपल्या मंडळातही झाले. मुकुटात हिरे किती, त्याची किंमत किती, यावर पुष्कळ चर्चा झाली. पण हे दागिने अंगावर घालणारी बाई कोण होती, तिचे पुढे काय झाले, हे आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येईना.

मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु त्या दिवसापासून मनाला चुटपुट लागून राहिली, म्हणून मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता असे दिसले, की चोरीला गेलेल्या दागिन्यांपेक्षा या बाईने न घेतलेल्या एका दागिन्याची गोष्ट अधिक सांगण्याजोगी आहे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तीच लिहावी असे ठरवले.

युजेनी फ्रान्सची सम्राज्ञी झाली खरी, पण जन्माने ती स्पॅनिश. ५ मे १८२६ रोजी स्पेनमधील ग्रॅनाडा शहरी तिचा जन्म झाला. वडील सरदार घराण्यातले, मोंतिहोचे काउंट. पहिल्या नेपोलियनच्या बाजूने ते लढले होते. आईचे वडील मूळचे स्कॉटलंडचे, मालागा बंदरात व्यापार करून स्थायिक झालेले. युजेनी आणि तिची थोरली बहीण पाका या दोघींचे काही शिक्षण पॅरिसच्या कॉन्व्हेंटात झाले. मेरिमे आणि स्तांदाल हे दोन मोठे फ्रेंच लेखक घरी येत आणि मुलींना नेपोलियनच्या पराक्रमाच्या हकिगती सांगत. लहानपणी जे कानावर पडते ते मनात घर करून राहते. त्याच नेपोलियनच्या घराण्यात आपण सून म्हणून जाऊ, हे मात्र त्या चिमुरडीच्या स्वप्नातही नसेल.

नेपोलियनचा १८१५ साली वॉटर्लूला पराभव झाला आणि १८२१ साली तो सेंट हेलेना बेटावर कैदेतच वारला. त्याचा मुलगाही ऐन एकविशीत गेला. मग घराण्याचे नाव पुढे चालवायला निघाला तो पुतण्या, लुई नेपोलियन. बंडाचे दोन प्रयत्न फसले, तुरुंगवास घडला, तेथून तो निसटला. शेवटी १८४८ साली लोकांनी मते देऊन त्याला फ्रान्सचा अध्यक्ष केले. पण अध्यक्षपदावर त्याचे समाधान झाले नाही. १८५१ च्या डिसेंबरात त्याने सैन्याच्या जोरावर सारी सत्ता हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी तिसरा नेपोलियन या नावाने तो सम्राट झाला. ज्या लोकांनी विश्वासाने निवडून दिले, त्यांचाच त्याने विश्वासघात केला. या सिंहासनाचा पाया असा पहिल्यापासूनच कच्चा होता.

सम्राटाला आता राणी हवी होती. मंत्र्यांचे म्हणणे, की मुलगी एखाद्या राजघराण्यातलीच पाहावी. परंतु त्याचे मन युजेनीवर बसले होते. ३० जानेवारी १८५३ रोजी नोत्रदामच्या मोठ्या चर्चमध्ये लग्न लागले. वर ४४ वर्षांचा, वधू २६ वर्षांची. मागून आलेली, परदेशी, त्यातून राजकुळातली नव्हे. पॅरिसच्या प्रतिष्ठित बायकांनी नाके मुरडली. नव्या सुनेकडे सारे गाव कसे डोळे लावून बसते, हे आपल्याला काही कोणी सांगायला नको.

त्या लग्नानिमित्त पॅरिस नगरपालिकेने तिला आहेर द्यायचे ठरवले. सहा लाख फ्रँक किमतीचा हिऱ्यांचा हार. त्या काळी ही रक्कम अफाट होती. युजेनीने नगरपालिकेला नम्रपणे कळवले, की हार नको, त्या पैशातून गरीब मुलींच्या शिक्षणाची सोय करावी. नगरपालिकेने ते मान्य केले. पॅरिसच्या फोबूर सेंत आंत्वान या कामकरी वस्तीत मुलींसाठी मोठी वास्तू बांधायला घेतली. तीनशेच्या आसपास गरीब आणि पोरक्या मुलींनी तेथे राहावे, लिहायला वाचायला शिकावे आणि पोट भरण्याजोगी एखादी विद्या हाती धरावी, अशी योजना होती. इतोर्फ नावाच्या नामांकित शिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. त्याने मोठी कल्पकता दाखवली. इमारत अशी आखली, की वरून पाहिले असता गळ्यातल्या हारासारखी दिसावी. गळ्यात न पडलेला हार असा जमिनीवर उमटला.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. दागिन्यांची हौस नव्हती म्हणून तिने हार नाकारला, असे मुळीच नाही. हौस तिला चिक्कार होती. रोज नवा झगा, मोठमोठे घेर, हिरे, मोती. ती घाली तेच साऱ्या युरोपातील बायका घालीत. आवड असूनही नको म्हणणे, हे त्या नकाराचे मोल.

पुढे सतरा वर्षे ती त्या गादीवर होती. १८५८ च्या जानेवारीत नाट्यगृहाच्या दारातच त्यांच्या गाडीवर बॉम्ब फेकण्यात आले. आजूबाजूची माणसे मरून पडली, तिच्या झग्यावर रक्त उडाले. तरीही लोकांत घबराट होऊ नये म्हणून दोघे नवराबायको आत जाऊन आपल्या जागेवर बसली. १८६६ साली आमियां शहरात पटकीची साथ होती, तेव्हा ती रुग्णालयात जाऊन रोग्यांच्या खाटांपाशी हिंडली. रोझा बोनर ही जनावरांची चित्रे काढणारी थोर चित्रकर्ती. स्त्रियांना हा मान द्यावा की नाही अशी कुरकूर चालली होती. १८६५ साली सम्राट अल्जीरियाच्या दौऱ्यावर गेला आणि कारभार युजेनीकडे आला. तिने ती संधी साधून रोझाला लीजन ऑफ ऑनर हा मोठा सन्मान दिला आणि तिच्या गावी जाऊन स्वतःच्या हाताने ते पदक लावले. कलावंत स्त्रीला तो सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. तो खणविणारे द लेसेप्स हे युजेनीच्या आईकडून तिचे नातलग. उद्घाटनाच्या दिवशी जहाजांची जी रांग कालव्यात शिरली, तिच्या अग्रभागी युजेनीचे जहाज होते. या कालव्याने आपली मुंबईही बदलली. आफ्रिकेला वळसा घालून लंडनहून मुंबईला यायचे ते अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी झाले. तिच्या वैभवाचा तो कळस होता. त्यानंतर वर्षही पुरते लोटले नाही.

आता तिच्या चुकांकडे वळायला हवे. चांगले तेवढे सांगून वाईट झाकले तर ते चरित्र कसले? राज्यकारभारात तिला फार रस, पण तेवढी दूरदृष्टी नव्हती. मेक्सिको देशाच्या गादीवर ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला बसविण्याच्या खटाटोपाला तिने जोराने पाठिंबा दिला. फ्रेंच सैन्य माघारी निघाले तेव्हा मॅक्सिमिलियनची बायको शार्लट मदतीची याचना करीत १८६६ साली पॅरिसला आली. मदत मिळाली नाही. ती बिचारी भ्रमिष्ट झाली आणि पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला मेक्सिकोत गोळ्या घालून ठार केले. दुसऱ्या एका बाईच्या संसाराची राखरांगोळी झाली, त्यात युजेनीचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

१८७० साली स्पेनच्या रिकाम्या गादीवरून फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात वाद पेटला. प्रशियाचा मुत्सद्दी बिस्मार्क याला युद्ध हवेच होते. त्याने एका तारेतला मजकूर काटछाट करून असा छापविला, की फ्रेंचांना अपमान वाटावा. पॅरिसमध्ये युद्धाचा ज्वर चढला. सम्राट त्या वेळी मूतखड्याच्या दुखण्याने हैराण झाला होता, त्याला घोड्यावर धड बसवत नव्हते. युजेनीचा कल मात्र युद्धाकडेच होता. १९ जुलैला युद्ध पुकारले गेले. आजारी नवरा आणि चौदा वर्षांचा एकुलता एक मुलगा लुई रणांगणाकडे निघाले आणि कारभार तिच्या हाती आला.

हा मुलगा १६ मार्च १८५६ रोजी जन्मला होता. बाळंतपण फार कठीण गेले. पुन्हा मूल होणे धोक्याचे आहे असे डॉक्टरांनी बजावले होते. मुलगा झाला म्हणून पॅरिसमध्ये १०१ तोफा उडाल्या. मुलगी झाली असती तर २१ उडायच्या होत्या. तेथेही तीच तऱ्हा! घराण्याचा सारा भार त्या एका जिवावर होता.

ऑगस्ट महिन्यात पराभवामागून पराभवाच्या तारा आल्या. सम्राटाने पॅरिसला परतावे असा विचार निघाला. पण हरलेला राजा परत आला तर शहरात बंड होईल, असे युजेनीला आणि तिच्या मंत्र्यांना वाटले. त्याने येऊ नये असेच तिने कळविले. त्याला घराचे दार बंद झाले. २ सप्टेंबरला सेदान येथे ऐंशी हजारांहून अधिक सैनिकांसह फ्रान्सचा सम्राट शत्रूच्या कैदेत गेला. ४ सप्टेंबरला राजवाड्याबाहेर लोकांचा समुद्र उसळला आणि राजसत्ता संपल्याची द्वाही फिरली.

अंगावरच्या कपड्यांनिशी युजेनी लुव्रच्या दालनांतून बाहेर पडली. सोबत एकच बाई, लब्रेताँ नावाची. रस्त्यावर भाड्याची घोडागाडी केली. ओळखीच्या दोन घरी जाऊन पाहिले, दार उघडायला कोणी नाही. असतील शिते तर जमतील भुते! शेवटी आठवण झाली ती डॉक्टर इव्हान्स या अमेरिकन दंतवैद्याची. त्याचा बंगला ज्या रस्त्यावर होता, त्या रस्त्याला सम्राज्ञीचेच नाव होते. या भल्या माणसाने जिवावर उदार होऊन तिला आपल्या गाडीतून समुद्रकाठच्या दोव्हिल गावी नेले. तेथे एका इंग्रज गृहस्थाची लहानशी होडी मिळाली. वादळात हेलकावे खात ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. मुलगा हेस्टिंग्जला भेटला. पुढे चिझलहर्स्ट या गावी भाड्याचे घर घेऊन मायलेक राहू लागले. सुटका झाल्यावर १८७१ च्या मार्चमध्ये सम्राटही तेथे आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसच्या बंडाळीत त्वीलरीचा राजवाडा जळून गेला. सेंत क्लूचा वाडा तर आधीच तोफांच्या आगीत खाक झाला होता. ९ जानेवारी १८७३ रोजी मूतखड्याच्या शस्त्रक्रियांनंतर सम्राट वारला.

आता उरला लुई. वूलिचच्या लष्करी विद्यालयात तो शिकला. ३४ जणांत सातवा आला, घोडेस्वारी आणि तलवारीत पहिला. १८७४ साली तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा फ्रान्सहून हजारो माणसे त्याला पाहायला आली. पण पोराला सलत होते, की आपण काहीच पराक्रम केला नाही. १८७९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी झुलू लोकांशी युद्ध उकरून काढले. लुईने जाण्याचा हट्ट धरला. आईने आधी नको म्हटले, मग त्याच्या हट्टापुढे हात टेकले. फेब्रुवारीच्या अखेरीस सदॅम्प्टन बंदरावर ती त्याला पोचवायला गेली. कर्त्या मुलाला दूर पाठवताना आईचा जीव कसा होतो, हे मी काय लिहावे? सम्राज्ञी असो की आपल्यासारखी साधी बाई, तिथे फरक नाही.

१ जून १८७९ रोजी टेहळणीला गेलेल्या लहानशा तुकडीवर झुलूंनी अचानक हल्ला केला. बाकीचे घोड्यांवर चढून निसटले. लुई खोगिराला धरून चढू लागला तोच पट्टा तुटला आणि तो खाली पडला. एकटा उभा राहून तो लढला. भाल्यांचे सतरा वार, सगळे अंगाच्या पुढच्या बाजूला. वय अवघे २३. झुलू आपल्या भूमीसाठी लढत होते, त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्याही घरी त्या वर्षी किती आया रडल्या असतील, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

जून महिन्याच्या २० तारखेला युजेनीला ही बातमी कळली. नेपोलियनच्या घराण्याचा हक्क चुलत शाखेकडे गेला, पण त्या शाखेला पुढे कधीच गादी मिळाली नाही. लुईला सोडून निघालेल्या अधिकाऱ्यावर चौकशी बसली, तेव्हा कोणाला शिक्षा व्हावी अशी आपली इच्छा नाही, असे या आईने सांगितले. पुढच्या वर्षी, वयाच्या ५४ व्या वर्षी, ती बोटीने आफ्रिकेला गेली. तेथून गाडीचा आणि तंबूंचा खडतर प्रवास करून मुलगा पडला त्या जागी पोचली आणि वर्षश्राद्धाची ती रात्र तिने तेथे मेणबत्त्या लावून जागून काढली.

कोणालाही वाटेल, की आता हिचे आयुष्य संपले. परंतु ती त्यानंतर चाळीस वर्षे जगली! फार्नबरो येथे तिने घर घेतले, जवळच मठ बांधून नवऱ्याला आणि मुलाला तेथे विसावा दिला. पॅरिसला गेली म्हणजे ती त्वीलरीच्या बागेसमोरच्याच हॉटेलात उतरे. खिडकीतून बाग दिसे, राजवाड्याची जागा मोकळी दिसे. पडक्या भिंतीही १८८३ साली काढून टाकल्या होत्या. १८८७ साली फ्रान्सच्या सरकारने राजमुकुटाच्या खजिन्यातले दागिने लिलावात काढले. तिने मिरवलेले कितीतरी हिरे असे परक्यांच्या हाती गेले.

१९१४ चे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती ८८ वर्षांची होती. आपल्या घराचा एक भाग तिने जखमी अधिकाऱ्यांच्या रुग्णालयासाठी दिला. तिच्यापाशी प्रशियाच्या राजाचे १८७० सालचे एक पत्र होते. आल्सेस आणि लॉरेन हे प्रांत आम्ही हवे म्हणून नव्हे, तर सरहद्दीच्या संरक्षणासाठी घेत आहोत, असा त्यातला आशय. अठ्ठेचाळीस वर्षे जपून ठेवलेला तो कागद तिने फ्रान्सच्या सरकारला दिला. ज्या देशाने हाकलले त्याच्याच उपयोगी पडावे म्हणून. ते प्रांत फ्रान्सला परत मिळाले आणि त्या राजाचा नातू कैसर १९१८ साली हॉलंडला पळून गेला. रशिया, ऑस्ट्रिया, जर्मनी, तिन्ही घराणी तिच्या डोळ्यांदेखत कोसळली.

१९२० साली ती स्पेनला गेली. मोतीबिंदूने दृष्टी गेल्यासारखीच होती. तेथे शस्त्रक्रिया होऊन तिला पुन्हा दिसू लागले. त्याच वर्षी ११ जुलैला माद्रिद येथे, बहिणीच्या नातवाच्या वाड्यात, वयाच्या ९४ व्या वर्षी तिने डोळे मिटले. फार्नबरोच्या मठात नवऱ्याशेजारी आणि मुलाशेजारी तिला ठेवले.

तिच्या चुकांचा हिशेब मी मांडला आहे. युद्धात जे हजारो मेले त्यांच्या घरच्यांनी तिला क्षमा केली नसेल, आणि आपणही ती परस्पर करू नये. पण वाचून संपल्यावर मला आपल्या नेहमीच्या बोलण्यातला एक शब्द खुपू लागला. मुलगा म्हणजे वंशाचा दिवा, असे आपण म्हणतो. तोफासुद्धा त्याच्यासाठी १०१ उडतात. युजेनीचा तो दिवा विझला, वाडे जळाले, हिरे लिलावात गेले आणि जे उरले त्यांतले काही परवा चोरांनी नेले. टिकले काय? न घेतलेल्या हाराची ती इमारत पॅरिसमध्ये आजही उभी आहे. त्या संस्थेला नाव आहे युजेन नेपोलियन. तिच्या मुलाच्या नावात हीच दोन नावे होती. आणि फार्नबरोचे जे घर तिच्या पश्चात रिकामे झाले, तेथे १९२७ साली कोणाची वस्ती झाली म्हणता? मुलींच्या शाळेची! शिकणाऱ्या मुलींच्या गलबल्याने ते दोन्ही उंबरे भरले. त्या मुली तिच्या रक्ताच्या नव्हेत, त्यांतल्या बहुतेकींनी तिला पाहिलेही नसेल.

आपल्यापैकी कोणाला सहा लाखांचा हार यायचा नाही. पण मंडळाच्या पेटीत एखाद्या मुलीच्या वह्यापुस्तकांसाठी नाणे टाकताना, हौसेची एखादी वस्तू पुढच्या महिन्यावर ढकलताना, मला या बाईची आठवण होते. चोरीची बातमी आली त्या दिवशी आपण दागिन्यांची किंमत विचारीत होतो. आता कोणी विचारले तर मी त्या हाराची किंमत सांगेन.